पट्ट्याचा दिवा

माझा धंदा लोकांना घाबरवण्याचा आहे. मी विमा विकतो. क्रांती चौकाजवळ झेरॉक्सच्या दुकानावर, जिना चढून गेलं की माझं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल आणि दोन खुर्च्या. तिसरा माणूस आला तर खुर्ची खालून झेरॉक्सवाल्याकडून आणावी लागते. पंचवीस वर्षं मी समोरच्याला एकच प्रश्न विचारत आलोय, "आणि काही झालं तर?" हा प्रश्न विचारायची एक रीत आहे. कप बशीत ठेवायचा, आवाज खाली आणायचा, आणि बघायचं नवऱ्याकडं पण बायकोला ऐकू जाईल असं बोलायचं. पुढचं काम ती करते.

त्यामुळं मी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची ठरवली आणि नात्यातला, गल्लीतला, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला प्रत्येक माणूस मला "आणि मधेच बंद पडली तर?" असं विचारायला लागला, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

गाडी दादासाठी घ्यायची होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले. मला शाळेत घातलं ते त्यानं, कॉलेजात घातलं तेही त्यानंच, आणि मी तिथं काही दिवे लावले नाहीत तरी त्यानं ते कधी काढलं नाही. तीस वर्षं त्यानं एसटी चालवली. रिटायर झाल्यावर वहिनीला घेऊन कन्नडलाच राहिला. मग ब्लडप्रेशरनं दोन्ही किडन्या खाल्ल्या. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, त्याला शहरात आणून मशीनवर झोपवायचं आणि चार तासांनी परत न्यायचं, हे आमचं नवीन वेळापत्रक झालं. कन्नड ते शहर साठ किलोमीटर. वार चुकला तर अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, मग छाती भरते. दोन वारांमधली रजा मिळत नाही.

सुरुवातीला जीप केली, मग भाड्याची गाडी. आणि एक विचित्र गोष्ट झाली. ज्या माणसाच्या खाकी शर्टाला तीस वर्षं डिझेलचा वास होता, ज्या वासावर आमचं घर वाढलं, त्याच माणसाला आता डिझेलचा वास आला की उलटी व्हायची. वहिनी निघतानाच प्लास्टिकच्या पिशव्या मोजून घ्यायची. मशीनवरून उठलेल्या माणसात आधीच जीव नसतो, त्यात अर्ध्या रस्त्यापर्यंत ओकाऱ्या. घरी पोचेपर्यंत त्याचा चेहरा वाळलेल्या दोडक्यासारखा व्हायचा.

"विजेच्या गाडीला वास नसतो म्हणे," माझी बायको एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली. आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय असेच, 'म्हणे'वर झालेत.

मी चौकशीला लागलो. आमच्याकडं मुलीला स्थळ बघताना घरच्यांना काही विचारत नाहीत. घरचे काय, चांगलंच सांगणार. त्यांच्या बांधाशेजारच्याला विचारतात, त्यांचे कपडे शिवणाऱ्याला विचारतात. मी शहरातल्या चार्जिंगच्या जागा हेरल्या आणि तिथं गाडी लावून मोबाईल बघत बसलेल्या माणसांशी ओळख काढायला लागलो. बोलणं माझं काम आहेच. प्रत्येक जण आधी म्हणायचा, "एक नंबर गाडी!" मी गप्प उभा राहायचो. दोन मिनिटांनी तो म्हणायचा, "फक्त एवढंच की..." त्या 'फक्त'साठी मी उन्हात उभा असायचो. फक्त उन्हाळ्यात एसी लावला की आकडा भराभर उतरतो. फक्त स्क्रीन कधी कधी अडकते. फक्त सर्व्हिसला दिली की तीन दिवस येत नाही. पाचोडला एका क्लायंटकडं गेलो तिथं भेटलेला एक गृहस्थ म्हणाला, "गाडी सोनं आहे. फक्त ती छोटी बॅटरी तेवढी बघत जा." मला वाटलं तो किल्लीच्या रिमोटबद्दल बोलतोय. मी डायरीत लिहून घेतलं: रिमोटचे सेल, दोन जास्तीचे ठेवणे.

ते सेल आजही माझ्या टेबलाच्या खणात आहेत.

शोरूमला दादाला घेऊन गेलो. त्यानं चप्पल बाहेर काढली. सेल्समन म्हणाला, "असू द्या काका," तरी काढली. मग डेपोतून बस बाहेर काढण्याआधी फिरायचा तसा तो गाडीभोवती एक फेरी फिरला, चारी टायर मुठीनं ठोकले, आणि म्हणाला, "हां, चालू कर."

"चालूच आहे, काका."

दादानं वाकून बॉनेटला कान लावला. शोरूममधली दोन-चार माणसं हसली. मीही हसलो, थोडं त्यांच्या बाजूनं.

"बोलत न्हाई ही," दादा म्हणाला.

"हाच तर फायदा आहे ना, काका! पिन ड्रॉप सायलेन्स."

"आन् फेल झाली मग?"

"होत नाही, काका. झालीच तर टोल फ्री नंबर आहे, चोवीस तास."

"नंबर झाला. माणूस कोण येतो?"

 सेल्समननं आम्हाला कॉफी पाजली. दादाला दिवसाला लिटरभरच पाणी चालायचं, त्यामुळं त्याच्या वाटची वहिनीनं घेतली. निघताना सेल्समननं मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, एकच काळजी घ्या. बाहेरच्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका. वॉरंटी जाते." मी मान डोलावली. अट मोडली की दावा गेला, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? माझं पोटच त्या वाक्यावर चालतं.

दिवाळीच्या पाडव्याला गाडी घरी आली. त्यानंतरचे तीन महिने आमच्या दोघांच्या आयुष्यातले बरे दिवस होते असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. एक माणूस मशीनवर जगत होता आणि दुसरा त्याला वाहत होता. पण दादाला उलटी व्हायची थांबली. आणि गाडीला आवाज नसल्यामुळं एक अडचण झाली, आम्हाला बोलावं लागायचं. आमच्या घरात पुरुष एकमेकांशी कामापुरतं बोलतात. जीपच्या खडखडाटात ते झाकून जायचं. इथं शांतता इतकी असायची की वेरूळ येईपर्यंत कुणीतरी काहीतरी म्हणायचंच.

एकदा त्यानं माझा हात ओढून आपल्या डाव्या मनगटावर ठेवला. डायलिसिससाठी तिथं नस जोडलेली असते, ती कातडीखाली सारखी थरथरत असते.

"लागतंय का हाताला?"

"हो की. घरघरतंय."

"गाडीला इंजिन न्हाई म्हून मी माझं आणतो," दादा म्हणाला, आणि मागून वहिनी म्हणाली, "रस्त्याकडं बघा की भावजी, त्यांचं काय ऐकायलात!"

संक्रांत झाल्यावर एके दिवशी, कन्नडहून निघताना, स्क्रीनच्या कोपऱ्यात तांबडी खूण उमटली आणि खाली इंग्रजीत एक ओळ. बारा व्होल्टची बॅटरी कमी आहे, सर्व्हिसशी संपर्क साधा. मोठी बॅटरी नव्वद टक्के होती, त्यामुळं मला त्या ओळीचा अर्थच लागेना. ती पाचेक सेकंद राहिली आणि गेली.

"काय म्हणायली?" दादानं विचारलं. त्याला इंग्रजी यायचं नाही, आणि मोतीबिंदूमुळं नुसती खूणच दिसायची.

"काही नाही. मागच्या सीटचा पट्टा. नीट लागला नाही की दाखवते."

हे मी का म्हणालो, याचा विचार पुढं पुष्कळ केला. खरं सांगायला काही अडचण नव्हती. पण तो नुकताच त्या सीटवर डोळा लावायला शिकला होता. शोरूममध्ये लोक हसले तेव्हा मी त्यांच्या बाजूनं हसलो होतो, आता गाडीबद्दल वाईट बोलणं म्हणजे त्याचं म्हणणं खरं करणं होतं. आणि मुख्य म्हणजे जीभ. पंचवीस वर्षं लोकांना घाबरवून आणि मग धीर देऊन तिला इतकी सवय झालीय की ती मला न विचारता धीर देऊन मोकळी होते.

मी सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या माणसानं लॅपटॉप जोडला, अर्धा तास काहीतरी केलं आणि म्हणाला, "अपडेट मारून दिलंय सर. आता नाही येणार." चार दिवसांनी परत आलं. मी फोन केला. तो म्हणाला, "दुर्लक्ष करा सर, सेन्सरचं असतं. पुढच्या सर्व्हिसला बघू." ही सूचना मला फार सोयीची होती. पुढचा महिनाभर ती तांबडी खूण मधूनमधून यायची, आणि मी म्हणायचो, "पट्ट्याचं आहे."

होळीनंतरचा सोमवार. गुरुवार ते सोमवार हा लांबचा टप्पा. दादा त्याला 'नाइट-हॉल्टची ड्यूटी' म्हणायचा. ऊन वाढलं होतं, शनिवार-रविवारी त्यानं चोरून पाणी पिलं असावं. सकाळी घेतला तेव्हाच पाय जाड होते आणि श्वास वरच्यावर. अकराची वेळ होती. नऊला निघालो. गल्लेबोरगाव सोडलं आणि दादा म्हणाला, "जरा थांबीव. दम लागायलाय. पाय खाली सोडून बसू दे."

मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. बंद करायला नको होतं. पण थांबलं की बंद, ही स्कूटरवर लागलेली सवय, पेट्रोल वाचतं. वाचवायला पेट्रोल कुठं होतं?

पाच मिनिटांनी बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. स्क्रीन काळी. किल्ली उलटी केली, सुलटी केली, बाहेर जाऊन परत आत आलो. त्या काळ्या काचेत मला माझं तोंड तेवढं दिसत होतं.

टोल फ्री लावला. एका मुलीनं फार गोड हिंदीत माझं नाव विचारलं, मग गाडीचा नंबर, मग चॅसिसचा नंबर. तो वाचायला मला रस्त्याकडेला गुडघ्यावर बसावं लागलं. "आपका अनुरोध दर्ज हो गया है. आधे घंटे में हमारा साथी आपसे संपर्क करेगा." अर्ध्या तासानं साथीचा फोन आला, तो वाळूजला होता, अर्ध्या तासात निघतो म्हणाला.

समोर पंक्चरचं दुकान होतं. दुकानदार, पिकलेली दाढी, हात ग्रीसनं काळे, रस्ता ओलांडून आला. दादाला पाहून त्यानं आधी आपला स्टूल आणून सावलीत ठेवला.

"क्या हुआ साहब?"

मी सांगितलं.

"छोटी बैटरी बैठ गई होगी. इन गाड्यों में भी रहती ना एक, अपनी सादी वाली. वो उठती तो बडी उठती. ये टेम्पो खडा है, वायर लगाके देखूँ? पाच मिनिट का काम."

आणि मी म्हणालो, "नको भाऊ. बाहेरच्यानं हात लावला तर वॉरंटी जाते."

त्यानं स्टुलावरच्या दादाकडं पाहिलं. मग म्हणाला, "मरीज है ना साहब साथ में?"

"कंपनीचा माणूस येतोय. अर्ध्या तासात."

तो परत गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. दादानं त्या तांब्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती सांगता येणार नाही. वहिनीनं पदराचं टोक त्यात भिजवून त्याच्या ओठांना लावलं आणि तांब्या परत केला.

दादा म्हणाला, "बघू दे की रं त्याला वायर लावून."

"दादा, येतोय तो माणूस. मी बोललोय."

"बरं. तू म्हणशील तसं."

त्या माणसानं मला तीस वर्षांत कधी 'तू म्हणशील तसं' म्हटलं नव्हतं. मला वाटलं हा विश्वास आहे. त्याला बोलायला दम पुरत नव्हता, एवढंच होतं ते.

अकरा वाजून गेले. साथीचा फोन आता उचलला जात नव्हता. मी हात करून दोन कार थांबवायचा प्रयत्न केला. त्यांनी वेग वाढवला. तेवढ्यात कन्नडकडून एक एसटी येताना दिसली, थांबा नसलेली, भरलेली. दादा स्टुलावरून उठला. कसा उठला कोण जाणे. रस्त्याच्या कडेला जाऊन त्यानं हात केला, पण प्रवासी करतात तसा वर नाही. हात आडवा, तळवा खाली, काहीतरी दाबल्यासारखा दोनदा. बस पुढं गेली, आणि शंभर पावलांवर कचकन थांबली.

"स्टाफ हाय का?" ड्रायव्हरनं मागं वाकून ओरडून विचारलं.

वहिनीनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. पायरीवर चढवलं. आतून डिझेलचा भपका आला आणि दादाचा चेहरा पिळवटला. मी मागोमाग पाय ठेवला तर तो वळला.

"तू कुठं निघालास?"

"येतो ना तुझ्याबरोबर."

"गाडी सोडून डायव्हर जात नसतो."

हा त्याच्या खात्यातला नियम. बस बिघडली तर ड्रायव्हर तिथंच थांबतो, प्रवासी दुसऱ्या बसनं जातात. तो नियम त्या वेळी त्यानं मला का लावला, ते मला अजून कळलेलं नाही. पण मी पाय खाली घेतला. मला तो नियम पटला, कारण गाडीला कुलूप लागत नव्हतं, आणि कंपनीचा माणूस आला तर तिथं कुणी तरी हवं होतं, आणि अशी आणखी दोन-तीन कारणं मला लगेच सुचली. बस गेली. मी माझ्या नव्या गाडीजवळ उभा राहिलो, जिच्या पोटात सत्त्याऐंशी टक्के वीज होती.

पुढचं वहिनीनं सांगितलं. बसमध्ये तो ओकला, त्यात दम कोंडला. लोक आधी कुरकुरले, मग एकानं सीट दिली, एकानं खिडकी उघडली. ड्रायव्हरनं स्टँडला न नेता बस हॉस्पिटलच्या वळणापर्यंत आणली. साडेबाराला पोचले तेव्हा त्याची मशीनची वेळ दुसऱ्याला गेली होती आणि त्याला मशीनवर झोपवण्यासारखं राहिलंही नव्हतं. आधी ऑक्सिजन, आयसीयू, छातीतलं पाणी. साथी माझ्याकडं दोनला आला. चोवीस-पंचवीस वर्षांचा, घामाघूम. त्यानं पुढचं झाकण उघडलं, आपल्या स्कूटरच्या बॅटरीएवढी एक बॅटरी दाखवली आणि दोन वायरी लावल्या. गाडी चालू झाली. पाच मिनिटं लागली.

"जंप दिला असता ना सर, कुणी पण दिला असता," तो म्हणाला.

"वॉरंटी?"

"यानं कशाला वॉरंटी जाते सर?"

तिसऱ्या दिवशी दादाला आयसीयूतून वॉर्डात आणलं. त्याच्या नाकात नळी होती. वहिनी खिडकीपाशी ओला टॉवेल पिळत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून, बॅटरी नवीन बसवली, कंपनीनं माफी मागितली, असं सांगत होतो.

"ते तांबडं," दादा म्हणाला, "कवापासून येयलं व्हतं?"

"त्याच दिवशी. सकाळी."

वहिनीनं टॉवेल दांडीवर टाकला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "न्हाई भावजी. लई दिसापासून येयलंय. तुम्ही म्हणायचे पट्ट्याचं हाय. मला वाटायचं माझंच चुकायलंय. मी दर बारीला पट्टा काढून परत लावायचे. एकदा तर घरी खुर्चीला बांधून बघितलं वढणीनं, कसा लागतो त्ये."

ती रागावली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं की पट्टा बरोबर लागत होता का.

"बरोबर लागत होता, वहिनी," मी म्हणालो.

दादा छताकडं बघत पडला होता. तसाच म्हणाला, "म्हंजी गाडी बोलली व्हती."

एवढंच. नंतर तो त्या विषयावर एक अक्षर बोलला नाही, आणि त्यानं मला शिव्या द्याव्यात म्हणून मी आठवडाभर त्याच्यापुढं लवून बसायचो तरी बोलला नाही.

त्या दिवसाचा फटका हृदयाला बसला होता. घरी सोडलं तेव्हा त्याला दोन पायऱ्याही चढवत नव्हत्या, त्यामुळं बसचा प्रश्न नव्हता. डिझेलच्या गाडीचा तर नव्हताच. माझीच गाडी होती. पहिल्या गुरुवारी मी कन्नडला गेलो. मला वाटलं तो बसणारच नाही. तो आला, माझ्या खांद्यावर हात टाकून पुढच्या सीटवर बसला, आणि म्हणाला, "वाच."

"काय वाचू?"

"काचंवर जे लिवलंय ते. समदं."

मी वाचलं. बॅटरी एक्क्याऐंशी टक्के. दोनशे सहा किलोमीटर जाईल. बाहेर तेहेतीस अंश. वेळ नऊ वाजून चार मिनिटं. दार उघडं आहे, मागचं डावं. वहिनीनं दार परत लावलं. दार बंद.

"हां. चल आता."

त्या दिवसापासून हे लागलं. जाताना वाचायचं, येताना वाचायचं. त्याला मोबाईलचं नेटवर्क किती कांड्या आहे तेही हवं असायचं. 'नवीन अपडेट उपलब्ध आहे' हेही मी वाचलं, तर म्हणाला, "नगं म्हण त्यांना." एकदा मागच्या टायरची हवा कमी असल्याचं आलं. मी ते वाचलं, आणि पुढचा पंप येईपर्यंत तो दर मिनिटाला "आता किती?" विचारत होता आणि मी आकडा सांगत होतो. मी बोलायचो आणि तो ऐकायचा, पण पूर्वीसारखं आमचं बोलणं काही झालं नाही. शेतीचं नाही, आईचं नाही. मी वेगळं काही काढलं तर तो म्हणायचा, "वाच." मला आधी ती शिक्षा वाटली. काही दिवसांनी वाटलं, नसावी. माझ्या तोंडून येणाऱ्या ज्या गोष्टी त्याला पडताळता येत नव्हत्या त्यांतल्या निदान एवढ्या तरी खऱ्या आहेत असं धरून तो बसला असावा. विचारायची हिंमत झाली नाही.

गाडी त्यानंतर एकदाही बंद पडली नाही. दर सोमवारी, दर गुरुवारी, वेळेवर. याचा मला राग येतो, हे कुणाला सांगता येत नाही. ऑफिसात क्लायंट विचारतात, "कशी आहे हो गाडी? घ्यावी म्हणतोय." मी म्हणतो घ्या, गाडीत काही वाईट नाही. आणि मग मला गप्पच बसावंसं वाटतं, तेव्हा ते उठून जातात.

वैशाखात मशीनवर असताना त्याचं ब्लडप्रेशर दोनदा एकदम खाली गेलं. डॉक्टरांनी मला आणि वहिनीला बाहेर बोलावून सांगितलं, हृदय आता मशीन सहन करत नाही. आयसीयूत ठेवून बघू, किंवा. ते 'किंवा'वर थांबले. आम्ही आत गेलो. दादाला काय ते कळलं होतं. तो म्हणाला, "घरी."

शनिवारी पहाटे, कन्नडच्या घरात, तो गेला. पण मला सांगायचंय ते मंगळवारचं, आम्ही त्याला घरी नेलं त्या दिवसाचं.

त्याला पुढं बसवण्यासारखं नव्हतं. मागच्या सीटवर आडवा केला, डोकं वहिनीच्या मांडीवर, पाय दुमडून. डोळे मिटलेले. दुपारचं ऊन होतं. हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर काढली तेव्हा तो 'वाच' म्हणाला नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग आपणहून सुरू केलं. बॅटरी अठ्ठ्याहत्तर टक्के. एकशे नव्वद किलोमीटर जाईल. बाहेर एक्केचाळीस अंश. एक वाजून वीस मिनिटं. दौलताबादच्या फाट्यापर्यंत आकडे बदलतील तसे मी सांगत गेलो. त्याचा श्वास मागून ऐकू येत होता, कारण गाडीत दुसरा आवाज नव्हता. वेरूळ मागं पडलं तसा तो फार लांब लांब व्हायला लागला. एक झाला की दुसरा येईल की नाही, म्हणून मी वाचायचा थांबून ऐकायला लागलो.

"भावजी," मागून वहिनी म्हणाली, "थांबलात का?"

"झोपलाय तो, वहिनी."

"ऐकायलेत ते. वाचा."

मी स्क्रीनकडं पाहिलं. चष्म्याच्या आतून सगळं पुसट झालं होतं, म्हणून गाडी हळू केली, चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला.

"चौसष्ट टक्के," मी म्हणालो. "कन्नड, सव्वीस किलोमीटर. समोर रस्ता मोकळा आहे."